अडीचशे फुटांचे घर आणि बायांचे मंडळ



घर पडले की माणूस उघड्यावर येतो, हे सगळ्यांना कळते. पण उघड्यावर आलेल्या माणसाला पुन्हा घरात कोण नेते, हा प्रश्न आपण फारसा विचारत नाही. सरकार नेते म्हणावे, तर सरकारजवळ पैसा असतो, पण दारोदार उभे राहायला माणूस नसतो. गुत्तेदार नेतो म्हणावे, तर त्याचे लक्ष बिलाकडे असते. आमचा दिवस कार्यालयात हिशेब लिहिण्यात जातो आणि रविवार वस्तीतल्या लोकांचे घरकुलाचे अर्ज भरण्यात जातो. त्यामुळे हा प्रश्न आमच्या मनात सदैव असतो. या आठवड्यात त्याचे एक उत्तर आम्ही वाचकांपुढे ठेवत आहोत. ते दूरच्या देशातले नाही. ते आपल्या लातूर-धाराशिवच्या मातीतले आहे.

आधी नांदेडचे

लातूरकडे जाण्याआधी नांदेड जिल्ह्यात थांबले पाहिजे. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाड्यातल्या गावोगावच्या आपल्या वस्त्या पेटल्या. बिलोली तालुक्यातल्या टेंभुर्णी गावी ४ ऑगस्ट १९७८ रोजी पोचीराम कांबळे यांना ठार मारले गेले. हजारो कुटुंबांची घरे, धान्य, भांडीकुंडी गेली. माणसे सोयऱ्याधायऱ्यांकडे गेली, नांदेड शहरातल्या वस्त्यांत शिरली, औरंगाबाद-मुंबईची वाट धरली.

त्या वेळी अत्याचारविरोधी समितीने गावोगाव फिरून अहवाल तयार केला, म्हणून निदान नोंद राहिली. परंतु जळालेले घर पुन्हा उभे करायला जी माणसे धावली, त्यांची नोंद कोणी ठेवली नाही. एका खोलीत राहणाऱ्या ज्या मावशीने गावाकडून आलेल्या सहा माणसांना त्याच खोलीत ठेवून घेतले, तिच्या संस्थेला नाव नव्हते, पावतीपुस्तक नव्हते. आपल्या समाजात बेघरांना आसरा देणारी पहिली संस्था म्हणजे वस्तीच. इतिहास लिहिणाऱ्यांनी तिच्याकडे पाहिले नाही. आपण मात्र तिला विसरू नये.

पुढे पंधरा वर्षे नामांतराची लढाई चालली. १९९३ च्या अखेरीस मराठवाड्यावर एकामागून एक घाव पडले. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीचा भूकंप झाला. २५ नोव्हेंबर १९९३ ला नांदेडात गौतम वाघमारे यांनी नामांतरासाठी स्वतःला जाळून घेतले. १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला. हे सारे साडेतीन महिन्यांत घडले. आम्ही तेव्हा शाळकरी होतो. पण थोरामोठ्यांच्या बोलण्यात किल्लारी आणि नामांतर हे दोन शब्द एका दमात येत, हे चांगले आठवते.

दगड पडला, कुड वाचला

३० सप्टेंबरची ती पहाट. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून थकलेली माणसे झोपली होती. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हादरली. औसा तालुक्यातले किल्लारी आणि उमरगा भागातले सास्तूर यांच्या पंचक्रोशीत गावेच्या गावे मातीला मिळाली. सरकारी आकड्याप्रमाणे ७,९२८ माणसे मेली.

भूकंप फार मोठ्या ताकदीचा नव्हता. मग एवढी माणसे का गेली? आपल्या भागातले जुने घर म्हणजे दोन-अडीच फूट जाडीच्या दगडी भिंती, दगडात चुना-सिमेंट नाही, नुसती माती. भिंतीला आतून एक थर, बाहेरून एक थर आणि मध्ये दगडगोट्यांची भर. वर लाकडी खणांवर माळवद आणि त्यावर दरवर्षी गळती थांबवायला टाकलेली माती. जमीन हलताच भिंतीचे दोन्ही थर सुटले आणि मणामणाची माती झोपलेल्या माणसांवर आली.

यात एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. जे घर गावात मजबुतीचे, ऐपतीचे समजले जाई, त्या दगडी वाड्यात माणसे जास्त दगावली. ज्यांच्या नशिबी कुडाची, गवताची किंवा पत्र्याची झोपडी होती, त्यांच्या डोक्यावर पडायला फारसे काही नव्हते. गरिबीने ज्यांना आयुष्यभर छळले, त्यातल्या काहींना त्या पहाटे तिनेच वाचवले. पण जीव वाचला म्हणून घर मिळाले असे झाले नाही. ती हकिकत पुढे येते.

जमिनीवरून मापलेले घर

राज्य सरकारने जागतिक बँकेच्या कर्जातून मोठा पुनर्वसन कार्यक्रम हाती घेतला. त्याचे मुख्य भाग दोन. पूर्ण उद्ध्वस्त झालेली ५२ गावे नव्या जागी वसवायची आणि तडे गेलेली, अर्धवट पडलेली सुमारे दोन लाख घरे आहे तिथेच दुरुस्त व मजबूत करायची.

नव्या गावांत कोणाला केवढे घर द्यायचे, हे कुटुंबाजवळ असलेल्या जमिनीवरून ठरले. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंत जमीन असलेल्यांना अ गट, घर २५० चौरस फूट. एक ते सात हेक्टरवाल्यांना ब गट, घर ४०० चौरस फूट. सात हेक्टरांच्या वर क गट, घर ७५० चौरस फूट.

आम्ही वाणिज्य शाखेचे विद्यार्थी, म्हणून सरळ हिशेब मांडतो. भूमिहीन मजुराच्या घरात नवरा-बायको, म्हातारी आई आणि तीन मुले धरली, तर माणशी ४२ चौरस फूटही येत नाहीत. क गटातल्या घरात तेवढीच सहा माणसे राहिली, तर माणशी १२५ चौरस फूट येतात. भूकंपाने जमीनदार आणि मजूर दोघांनाही एकाच रात्री उघड्यावर आणले होते. दोघांची पोरे सारख्याच थंडीत कुडकुडत होती. पण घर देताना पट्टी लावली ती जमिनीची. आणि जमीन आपल्याजवळ का नाही, हे सांगायला इतिहासाचे पुस्तक उघडावे लागत नाही.

अनेक नव्या गावांत घरांची आखणीही गटाप्रमाणे झाली. क गटाची मोठी घरे एका बाजूला, अ गटाची लहान घरे दुसऱ्या बाजूला. जुन्या गावात वस्ती गावकुसाबाहेर होती. नव्या गावाला कूस नव्हते, रस्ते रुंद होते, नकाशा सरळ रेघांचा होता. तरीही बौद्ध, मातंग, वडार ही भूमिहीन माणसे पुन्हा एका कोपऱ्यात आली. नकाशावर जात कोणी लिहिली नव्हती, पण जमिनीचे माप लावले की जात आपोआप उतरते.

मंडळ कसे उभे राहिले

आता मूळ हकिकतीकडे येऊ. ५२ गावांचे काम मोठमोठ्या संस्थांनी, कंपन्यांनी, देणगीदारांनी आणि सरकारने वाटून घेतले. वर्तमानपत्रांचा उजेडही तिकडेच होता. खरी अडचण दुरुस्तीच्या दोन लाख घरांची होती. ही घरे शेकडो गावांत विखुरलेली. घरमालकाने हप्त्याहप्त्याने सरकारी मदत घ्यायची आणि काम स्वतः करवून घ्यायचे, अशी योजना. लोकांना वाटे, शेजारच्या गावाला नवे घर मिळते, मग आम्हाला जुन्याच भिंती का? इंजिनियर मोजके. गवंड्याला भूकंपाचे तंत्र माहीत नाही. आणि अर्ज, मोजणी, हप्ता यांच्या खेपा घालणाऱ्या बायांना तर कोणी काही सांगेचना.

अशा वेळी सरकारने ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेला लोकसहभागाचे काम सोपवले. या संस्थेचे मूळ मुंबईत आहे. १९८४ साली तिथे ‘स्पार्क’ ही संस्था निघाली. भायखळ्याच्या फुटपाथवर संसार थाटलेल्या बायांबरोबर ती काम करी. या बाया दुष्काळाने, उपासमारीने गाव सोडून आलेल्या. त्यांनी स्वतःची मोजदाद स्वतः केली, पै-पैशाची बचत केली आणि आपल्याला परवडेल असे घर कसे असावे याचे नमुने स्वतःच्या हाताने उभारून दाखवले. बाईने बाईकडून शिकायचे, साहेबाकडून नाही, हा धडा तिथला. तो खेड्यातल्या बायांपर्यंत नेण्याच्या धडपडीतून १९८९ च्या सुमारास स्वयं शिक्षण प्रयोग सुरू झाला. प्रेमा गोपालन या त्याच्या संस्थापक. त्यांचे २०२२ साली निधन झाले.

लातूर-उस्मानाबादच्या हजारावर गावांत या संस्थेने महिला मंडळे जागी केली. कित्येक मंडळे आधी नुसती कागदावर होती. हळदीकुंकू आणि पंधरा ऑगस्टचे झेंडावंदन, एवढाच त्यांचा कारभार. आता मंडळातल्या बायांना ‘संवाद सहायक’ नेमण्यात आले. ग्रामसभेत त्यांनी उभे राहून योजना वाचून दाखवायची. कोणाचा हप्ता अडला, कोणाची मोजणी राहिली, कोणाच्या घराला कुठली दुरुस्ती हवी, हे घरोघर जाऊन पाहायचे आणि इंजिनियरला सांगायचे.

या बायांनी काय शिकून घेतले ते पाहा. भिंतीचे आतले आणि बाहेरचे थर एकमेकांना बांधायला मधूनमधून आरपार लांब दगड घालायचा. खिडकी-दाराच्या वर चारी भिंतींना फिरणारी सळई-सिमेंटची पट्टी घालायची. कोपरे सांधायचे. लाकडी खांब आणि तुळई यांच्या सांध्याला तिरका आधार द्यायचा. माळवदावरची जादा माती काढून ओझे कमी करायचे. ज्या बाईने जन्मभर दुसऱ्याच्या बांधकामावर पाट्या वाहिल्या, तीच आता गवंड्याला विचारू लागली, “दादा, पट्टी कुठाय? सळई किती घातली?” सिमेंटची पोती मोजणे, पावती मागणे, पहिला हप्ता कशाला खर्चला ते लिहून ठेवणे ही कामे बायांनी केली.

औसा तालुक्यातल्या एका भगिनीशी आमचे मागे बोलणे झाले. त्या म्हणाल्या, “भाऊ, घर पडायच्या आधी मला गावातले लोक अमक्याची बायको म्हणून वळखायचे. घर बांधताना माझ्या नावाने हाक मारायला लागले.” आम्हाला वाटते, या हकिकतीचा सारा अर्थ एवढ्यात आला.

घर झाले, मंडळ मोडले नाही

आपल्याकडे समित्या पुष्कळ निघतात. जयंती झाली की समिती संपते, आणि वर्गणीचा हिशेब पुढच्या जयंतीपर्यंत लोंबकळतो. लातूरच्या बायांनी असे होऊ दिले नाही. दुरुस्तीचे काम संपत आले तेव्हा मंडळांनी बचत गट धरले. १९९८ साली स्वयं शिक्षण प्रयोग स्वतंत्र संस्था म्हणून नोंदली गेली.

ऑगस्ट १९९९ मध्ये तुर्कस्तानात मोठा भूकंप झाला, आणि तिथल्या बाया व इकडच्या बाया एकमेकींकडे जाऊन शिकल्या. २६ जानेवारी २००१ ला गुजरातेत भुजचा भूकंप झाला, तेव्हा लातूर-उस्मानाबादच्या या खेडवळ बाया कच्छात गेल्या. भाषा वेगळी, वेश वेगळा, पण पडलेले घर सगळीकडे सारखेच. २६ डिसेंबर २००४ च्या सुनामीनंतर त्यांचा अनुभव तमिळनाडूच्या किनाऱ्यापर्यंत पोचला. ज्यांना कोणी मदत करावी म्हणून १९९३ साली जग धावले, त्याच आठ-दहा वर्षांनी दुसऱ्याला शिकवायला निघाल्या. पुढे दुष्काळाच्या वर्षांत, नवऱ्याच्या नावच्या शेतातला एखादा एकर मागून घेऊन घरापुरते धान्य-भाजी पिकवण्याचे काम बायांनी उचलले. या कामाला २०१६ साली संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचे इक्वेटर पारितोषिक मिळाले.

एवढे सांगून आम्ही टाळ्या वाजवून थांबणार नाही. दुरुस्तीची मदत ज्याचे घर त्याला, असा नियम होता. पण घर कागदावर कोणाचे? ग्रामपंचायतीच्या नमुना आठला ज्याचे नाव त्याचे. ज्याची झोपडी गायरानात आहे, जो दुसऱ्याच्या वाड्यात एक खण घेऊन राहतो, जो सालगडी म्हणून मालकाच्या शेतात राहतो, त्याचे नाव कुठल्या नमुन्यात सापडायचे? बायांचे मंडळ हप्ता मिळवून देऊ शकते. नसलेले नाव ते वहीत घालू शकत नाही. शिवाय मंडळाची बैठक कुठे भरते यावरही पुष्कळ अवलंबून असते. बैठक वस्तीत भरली तर वस्तीतली बाई बोलते. ती मोठ्या वाड्याच्या ओसरीवर भरली, तर आपली बाई पायरीपाशी उभी राहून ऐकते आणि घरी येते. संघटना कितीही चांगली असो, आपण स्वतः तिच्यात बसलो नाही तर आपला प्रश्न तिच्या वहीत चढत नाही.

आज आपल्यापुढे काय?

किल्लारीला तीस वर्षे उलटून गेली. भूकंप रोज होत नाही, पण आपली घरे आजही डळमळीत जमिनीवर आहेत. ती जमीन गायरानाची. नांदेड-लातूर जिल्ह्यांत किती बौद्ध, मातंग, पारधी, वडार कुटुंबे गायरानावर राहतात, हे वस्त्यांत फिरणाऱ्याला सांगावे लागत नाही. बाबासाहेबांच्या जन्मशताब्दीच्या निमित्ताने १४ एप्रिल १९९० पर्यंतची भूमिहीनांची गायरानावरील शेतीसाठीची अतिक्रमणे नियमित करण्याचा शासन निर्णय २८ नोव्हेंबर १९९१ ला निघाला. ज्यांनी त्या वेळी पंचनामे, दंडाच्या पावत्या, पीकपाहणीचे उतारे जपून ठेवले, त्यांना बोलायला जागा राहिली. ज्यांची कागदे पावसात भिजली, ते आजही खेपा घालत आहेत.

२८ जानेवारी २०११ ला सर्वोच्च न्यायालयाने जगपालसिंग खटल्यात गावाच्या सामाईक जमिनीवरील अतिक्रमणे काढण्याचा निर्णय दिला. त्याच निर्णयात, शासकीय अधिसूचनेने भूमिहीन मजुरांना किंवा अनुसूचित जाती-जमातींच्या माणसांना दिलेल्या जमिनीचा अपवादही नमूद आहे. हा अपवाद वस्तीतल्या प्रत्येक कार्यकर्त्याला माहीत असला पाहिजे. २०२२ साली मुंबई उच्च न्यायालयापुढे गायरानांचा प्रश्न आला आणि गावोगाव घरे हटवण्याच्या नोटिसा गेल्या, तेव्हा किती घरांत रात्री चूल पेटली नाही, ते आम्ही पाहिले आहे. भूकंप तीन वाजून छप्पन मिनिटांनी न सांगता आला होता. नोटीस सांगून येते, एवढाच फरक.

आणि मापाचेही पाहा. १९९३ नंतर भूमिहीनाला २५० चौरस फूट मिळाले. २०१६ पासूनच्या प्रधानमंत्री आवास योजनेत ग्रामीण घराचे किमान क्षेत्र २५ चौरस मीटर, म्हणजे सुमारे २६९ चौरस फूट, तेही स्वयंपाकाच्या जागेसह. इतक्या वर्षांत गरिबाच्या घराला एकोणीस फूट वाढ मिळाली. तरीसुद्धा आम्ही म्हणतो, हे घर घ्या, सोडू नका. पण घेताना डोळे उघडे ठेवून घ्या.

म्हणून वस्तीवस्तीतल्या वाचकांना आमचे चार शब्द. पहिला, या रविवारी आपल्या घराचा नमुना आठचा उतारा काढा. नाव आहे की नाही, कोणाचे आहे, ते बघा. मेलेल्या आजोबांचे नाव असेल, तर वारसनोंदीचा अर्ज द्या. दुसरा, घरकुल मंजूर होत असेल तर घर नवरा-बायको दोघांच्या नावे करण्याची तरतूद आहे, तिचा आग्रह धरा. दारू पिऊन घर गहाण टाकणाऱ्यापासून मुलाबाळांना वाचवायला याहून मोठे कुलूप नाही. तिसरा, रमाई आवास योजना अनुसूचित जाती आणि नवबौद्धांसाठी आहे. जागाच नसेल तर जागा खरेदीला अर्थसहाय्य देणारीही योजना आहे. पंचायत समितीत जाऊन चौकशी करा, आणि एकटे जाऊ नका, चौघे जा. चौथा, गायरानावर राहणाऱ्यांनी वीजबिल, मतदार यादी, शिधापत्रिका, पोरांच्या शाळेचा दाखला, ग्रामपंचायतीच्या कराची पावती, जे जे राहण्याचा पुरावा ठरेल ते एका पिशवीत घालून ठेवावे. पिशवी प्लास्टिकची असावी आणि ती पत्र्याच्या खाली ठेवू नये.

ही कामे करायला मोठी संस्था लागत नाही. पाच भगिनी, एक वही आणि आठवड्यातून एक ठरलेली संध्याकाळ एवढे पुरे. बैठक विहारात भरवा, म्हणजे कोणाच्या ओसरीचा प्रश्न येणार नाही. वहीत घराचा क्रमांक, कोणाचे नाव, कुठला कागद आहे, कुठला नाही, एवढ्या चार रकान्यांत साऱ्या वस्तीची मोजदाद करा. भायखळ्याच्या फुटपाथवरल्या बायांनी असेच केले. औशाच्या बायांनी असेच केले. त्यांतल्या कित्येकींना तर अक्षर वाचता येत नव्हते. आपल्या वस्तीत आज दहावी-बारावी झालेल्या सुना आहेत, लेकी आहेत. वही त्यांच्या हातात द्या.

१९७८ साली आपली घरे जळाली तेव्हा हिशेब ठेवणारे कोणी नव्हते. १९९३ साली बायांनी हिशेब ठेवला, म्हणून घरे उभी राहिली आणि माणसेही उभी राहिली. आता पुढची वही आपल्या वस्तीने उघडायची आहे. ज्या वस्तीत अशी मोजदाद झाली असेल, तिने आम्हाला अवश्य कळवावे. पुढच्या अंकांतून तिची हकिकत आनंदाने देऊ.